दिल्लीचं मुखदर्शन

दिल्लीदर्शनाची बस सकाळी कुटुंबं गोळा करते आणि संध्याकाळपर्यंत लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, हुमायूनची कबर, कुतुबमिनार असं सगळं उरकून देते. 'उरकणं' हाच इथला नेमका शब्द. पंढरपुरात ज्यांना रांगेत ताटकळायला सवड नसते, त्यांच्यासाठी मुखदर्शनाची सोय असते; राजधानीतली सहल हे तसंच मुखदर्शन. पण हा दोष एकट्या बसवाल्याचा नाही. या वास्तू मुळात अशाच बघण्यासाठी उभारल्या गेल्या. सुमारे 73 मीटरचा मिनार किंवा 42 मीटरची कमान बांधणाऱ्याला तुम्ही तिथे रेंगाळावं असं वाटत नसतं. मान वर करा, दिपून जा आणि पुढे व्हा, एवढीच त्याची अपेक्षा. 1911 च्या दरबारात राजधानी दिल्लीला हलवल्याची घोषणा झाली, 1931 मध्ये नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं, आणि पुढच्या सोळा वर्षांत इंग्रजांचं राज्यच गेलं. भव्यता टिकाऊपणाची हमी देत नाही. ती फक्त तसा आव आणते, आणि घाईने बघणाऱ्याला तो आव खरा वाटतो. म्हणून माझं म्हणणं असं, की राजधानीत कमी बघावं, आणि जे बघायचं त्यात नसलेलं काय आहे ते आधी शोधावं.

लाल किल्ल्यातला दिवाण-ए-खास घ्या. संगमरवरी खांब, त्यांवरची जडावाची फुलं, आणि वर रंगवलेलं लाकडी छत. गाइड सांगतो, इथे मयूरासन होतं, ते 1739 मध्ये नादिरशहाने नेलं. सगळे हळहळतात. पण छताकडे बोट दाखवून कोणी विचारत नाही, की हे लाकडी का? मूळचं छत चांदीने मढवलेलं होतं. 1760 मध्ये, पानिपतच्या काही महिने आधी, सदाशिवरावभाऊंनी ती चांदी उतरवून तिची नाणी पाडली, कारण फौजेचा खर्च भागत नव्हता. मराठी घरातल्या मुलाला हे त्या छतासमोर उभं करून सांगायला हवं. त्यात लाज वाटण्यासारखं किती आणि नाइलाज किती, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. पानिपतावर आपण कादंबऱ्या वाचून रडतो. त्या मोहिमेची ओढाताण मात्र या एका छताइतकी स्पष्ट क्वचितच दिसते. याच दालनात 1858 मध्ये बहादुरशहा जफरवर खटला चालला. पुढे इंग्रजांनी आतले बहुतेक महाल पाडून बराकी उठवल्या, त्या अजून उभ्या आहेत. पर्यटक त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढतात, म्हणजे किल्ल्याचा अर्धा इतिहास फोटोबाहेरच राहतो.

यावर कोणी म्हणेल, हे चोचले दिल्लीत राहणाऱ्यांचे. सोलापूर-नांदेडहून येणारं कुटुंब आयुष्यात एकदा येतं. आजीचे गुडघे दुखतात, परतीचं तिकीट उद्याचं आहे, त्याने एकाच छतासमोर तासभर काढायचा? आक्षेप खरा आहे, आणि त्यात दिसतं त्याहून जास्त वजन आहे. ज्या दालनात एकेकाळी निवडक उमरावांनाच प्रवेश होता, त्याच्यासमोर आज शेतकऱ्याचं कुटुंब तिकीट काढून उभं राहतं आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तर तेही लागत नाही. निव्वळ तिथे पोचणं हाही एक हक्क बजावणंच आहे. त्याची टिंगल करू नये. पण पाहण्यासारखं किती आहे हे यादीच्या लांबीवरून ठरत नाही. आठ ठिकाणांऐवजी तीन केली तर आजीचे गुडघेही वाचतील. मुलं कंटाळतात, हा दुसरा आक्षेप मला तितकासा पटत नाही. मुलं कंटाळतात ती सनावळ्यांना. छत कुणी काढलं, या प्रश्नाला कुठलंच मूल कंटाळणार नाही.

जनपथवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी आहे. उंची साडेदहा सेंटीमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातभर बांगड्या, हनुवटी किंचित वर. तिच्यापाशी थांबल्याशिवाय ती दिसतच नाही, म्हणून बहुतेक यादीत ती नसते. कुतुबच्या आवारातही अशीच एक गोष्ट दुर्लक्षित आहे. 1828 मध्ये मेजर स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने मिनाराच्या डोक्यावर आपल्या पसंतीची छत्री चढवली. ती इतकी विजोड दिसली, की 1848 मध्ये उतरवावी लागली. ती आजही तिथेच हिरवळीवर ठेवलेली आहे. मिनार गाठायच्या घाईत लोक तिच्या शेजारून निघून जातात.