वर्गात बसून पाहणारा माणूस

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबं घर घ्यायला निघाली की ऑफिस किती लांब पडेल याच्याही आधी चौकशी करतात ती ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ची. शाळा चालवणं, शिक्षक नेमणं, त्यांचे पगार करणं आणि वेळ आली तर त्यांना सेवेतून कमी करणं, हे सगळं तिथे या स्थानिक यंत्रणेच्या हाती असतं. डिस्ट्रिक्ट चांगला म्हणजे शिक्षक चांगले, हे सगळे धरूनच चालतात. पण कुठला शिक्षक चांगला हे ठरवलं कुणी, आणि कशावरून? शेजारी शेजारी असलेल्या दोन डिस्ट्रिक्टनी या प्रश्नाला अगदी वेगळी उत्तरं दिली. एक राजधानी वॉशिंग्टन, दुसरी तिला लागूनच असलेली मेरीलँड राज्यातली मॉन्टगोमेरी काउंटी. या दोन उत्तरांकडे आपणही नीट पाहायला हवं असं मला फार वाटतं, कारण आपल्याकडे अजून तो प्रश्नच धड विचारला गेलेला नाही.

वॉशिंग्टनची गोष्ट संतापातून सुरू झाली, आणि तो संताप रास्त होता. मिशेल ऱ्ही २००७ मध्ये तिथल्या शाळांच्या प्रमुख झाल्या तेव्हा आठवीतली फारच थोडी मुलं गणितात इयत्तेच्या पातळीवर होती. शिक्षकांच्या मूल्यमापनाचे कागद मात्र जवळपास सगळेच ‘समाधानकारक’. गरीब वस्तीतल्या मुलांची वर्षं वाया जात असताना दप्तरी सगळं आलबेल असावं, ही त्या मुलांशी केलेली प्रतारणाच होती.

२००९ मध्ये ऱ्हींनी ‘इम्पॅक्ट’ नावाची पद्धत आणली. वर्षातून पाच वेळा कुणीतरी वर्गात येऊन अर्धा तास बसणार: तीनदा शाळेचे प्रमुख किंवा त्यांचे सहायक, दोनदा बाहेरून आलेले ‘मास्टर एज्युकेटर’. हातात नऊ निकषांचा तक्ता. धड्याचा उद्देश स्पष्ट आहे का, मुलांना समजलं की नाही हे शिक्षक मधूनमधून तपासतो का, चुकलेल्या मुलाला कसं सावरतो, वेळ फुकट जातो का. प्रत्येक निकषाला एक ते चार गुण. चौथी ते आठवीला गणित किंवा वाचन शिकवणाऱ्यांचे मात्र निम्मे गुण या भेटींवर अवलंबून नव्हतेच. ते मुलांच्या चाचणीवरून निघत. मुलाच्या मागच्या गुणांवरून आणि घरच्या परिस्थितीवरून यंदा त्याला किती गुण पडावेत याचा अंदाज एक सांख्यिकी सूत्र बांधायचं. मूल त्या अंदाजाच्या पुढे गेलं की श्रेय शिक्षकाचं, मागे पडलं की दोषही शिक्षकाचाच. सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्याला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत बोनस मिळू शकत होता. तळाच्या श्रेणीतल्याची नोकरी जायची. जुलै २०१० मध्ये २४१ शिक्षकांना काढण्यात आलं, त्यातले १६५ या मूल्यमापनात कमी पडले म्हणून.

या पद्धतीतून काहीच निष्पन्न झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. थॉमस डी आणि जेम्स वायकॉफ या अभ्यासकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की नोकरी जाण्याच्या उंबरठ्यावर असलेले बरेच शिक्षक स्वतःहून निघून गेले आणि जे राहिले त्यांचे गुण सुधारले. म्हणजे धाकाचा परिणाम होतो, हे खरंच आहे.

पण ते निम्मे गुण देणारं सूत्र शाळेतल्या कुणालाच उलगडून सांगता येत नव्हतं, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. २०११ मध्ये पाचवीच्या एका शिक्षिकेला काढलं गेलं. तिच्या वरिष्ठांचे शेरे तिची तोंडभरून स्तुती करणारे होते. तिच्याकडे आलेल्या काही मुलांचे आदल्या वर्षीचे गुण चांगले होते, पण वर्गात बसवल्यावर त्यांना साधं वाचणंही जड जात होतं. आधीच्या शाळेत ते गुण फुगवले गेले असावेत, ही तिची शंका निराधार म्हणता येणार नाही. त्याच वर्षी ‘यूएसए टुडे’ने वॉशिंग्टनच्या अनेक शाळांमध्ये चुकीची उत्तरं खोडून बरोबर केल्याच्या खुणा प्रमाणाबाहेर असल्याचं उघडकीला आणलं होतं. एकाने खोडरबर चालवायचं आणि त्याची शिक्षा पुढच्या वर्गाच्या बाईंनी भोगायची! ती शिक्षिका काही दिवसांतच शेजारच्या व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीच्या शाळेत रुजू झाली. राजधानीने एक चांगली शिक्षिका गमावली.

डिसेंबर २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. वॉशिंग्टनसाठी या सूत्राने गुण काढणाऱ्या कंत्राटी संस्थेच्या प्रोग्रॅममध्ये चूक होती आणि त्यामुळे ४४ शिक्षकांचं मूल्यमापन चुकलं होतं. त्यातल्या एकाची नोकरीही गेली होती. चूक कुणाकडूनही होते. पण वर्गातल्या माणसाला ती पकडण्याची सोयच नव्हती, हे मला अधिक गंभीर वाटतं. टेक्सासमधल्या ह्यूस्टन डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षक याच मुद्द्यावर कोर्टात गेले. तिथलं सूत्र एका खाजगी कंपनीच्या मालकीचं, म्हणून गुप्त. आपले गुण बरोबर आहेत की नाहीत हे शिक्षकाला तपासता येत नसेल तर त्याच्या घटनात्मक हक्कांचं काय, हा प्रश्न संघीय न्यायालयाने मे २०१७ मध्ये ग्राह्य धरला. मग तडजोड झाली आणि पडताळता न येणाऱ्या गुणांवरून कुणाला काढणार नाही हे डिस्ट्रिक्टने मान्य केलं. मुलांच्या गुणांमध्ये जो फरक पडतो त्यातला १ ते १४ टक्केच वाटा शिक्षकाचा असल्याचं बहुतेक अभ्यासांत दिसतं, हे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ मध्येच सांगून ठेवलं होतं. संख्याशास्त्रज्ञच सबुरीचा सल्ला देत होते. घाई प्रशासनाला होती.

आता मॉन्टगोमेरी. तिथे नव्या शिक्षकाला आणि कामात कमी पडणाऱ्या जुन्या शिक्षकाला एक सल्लागार शिक्षक जोडून देतात. हा स्वतः डिस्ट्रिक्टमधलाच अनुभवी शिक्षक. तो पुन्हा पुन्हा वर्गात येऊन बसतो, काय पाहिलं ते लिहितो, बसून चर्चा करतो, स्वतः धडा घेऊन दाखवतो, दुसऱ्या कुणाचा तास पाहायला सोबत नेतो. वर्षाअखेरीला तो सोळा जणांच्या समितीपुढे उभा राहतो. त्यात आठ शिक्षक, आठ मुख्याध्यापक-प्रशासक. हा माणूस नोकरीत राहावा की नाही, याची शिफारस ती समिती करते. शिक्षक संघटनेने नियुक्त केलेली माणसं तिथे बसतात आणि गरज पडली तर आपल्याच सहकाऱ्याच्या विरोधात हात वर करतात.

हे ऐकून आपल्याकडचा कुणीही म्हणेल, की शिक्षकच शिक्षकाला पारखणार म्हणजे सगळे पास. घडलं ते नेमकं उलट. ही पद्धत येण्याआधीच्या दहा वर्षांत तिथे पाच शिक्षक काढले गेले होते. नंतरच्या अकरा वर्षांत समितीने सुमारे २०० जणांना काढण्याच्या बाजूने मत दिलं आणि आणखी ३०० जण या प्रक्रियेला सामोरं न जाता निघून गेले, असं तिथले तेव्हाचे प्रमुख जेरी वीस्ट यांनी २०११ मध्ये सांगितलं. एवढं होऊनही शिक्षकांचा या व्यवस्थेवर विश्वास टिकून राहिला. ओबामा सरकारच्या ‘रेस टू द टॉप’ योजनेतून मॉन्टगोमेरीला १.२ कोटी डॉलर मिळणार होते. अट होती मूल्यमापनात चाचणीचे गुण धरण्याची. काउंटीने ते पैसे नाकारले.

विश्वास कशामुळे टिकला, याचं मला दिसणारं कारण अगदी साधं आहे. तिथला सल्लागार शिक्षक कायमचा साहेब होत नाही. तीन वर्षांनी त्याला परत शाळेत जायचं असतं. आज ज्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून टिपणं काढली, तो उद्या त्याच्याच शाळेत सहकारी असू शकतो. म्हणून तो उगाच कठोर होत नाही. आणि वाईट शिक्षकाच्या हाताखालून निघालेली मुलं पुढे या सल्लागारासारख्यांच्याच वर्गात येणार असतात, म्हणून तो उगाच मऊही होत नाही. आपण काय पाहिलं हे त्याला नावानिशी सांगावं लागतं आणि समोरच्याला त्यावर प्रतिवाद करता येतो. त्यामुळेच पाचशे माणसं जाऊनही कुणाला तो निव्वळ जुलूम वाटला नाही.

महाराष्ट्राने मात्र वेगळीच वाट धरली होती. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने शिक्षकांची वरिष्ठ वेतनश्रेणी, जिला गुरुजी अजूनही ‘चट्टोपाध्याय’ म्हणतात, शाळा ‘प्रगत’ असण्याशी आणि ‘शाळासिद्धी’ या शाळांच्या मूल्यमापनात ‘अ’ श्रेणी मिळण्याशी जोडली. शाळासिद्धीच्या मोजणीत शाळेची इमारत, स्वच्छतागृह, कुंपणही येतं. कुंपण नाही यात बाईंचा काय दोष? संघटना रस्त्यावर आल्या, सरकारला पुढे अटी मागे घ्याव्या लागल्या, आणि गाडी पुन्हा शिक्षकांच्या जुन्याच वार्षिक गोपनीय अहवालावर येऊन थांबली. तो अहवाल दरवर्षी ठरावीक शब्दांत भरला जातो. बाईंच्या शिकवण्यात त्याने तसूभरही फरक पडत नाही.

मॉन्टगोमेरीकडे जे आहे त्याचं बीज आपल्याकडेही आहे. दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, शिक्षकांना त्यांच्या वर्गातच मदत करणारा, अशा कल्पनेतून हे पद १९९० च्या दशकात निर्माण झालं. राज्यात अशी ४,८६० पदं मंजूर आहेत. त्यातली कितीतरी वर्षानुवर्षं रिकामी राहिली, आणि जे कामावर आहेत त्यांचा दिवस माहिती गोळा करण्यात जातो. आज संध्याकाळपर्यंत अमुक तक्ता पाठवा, उद्या तमुक लिंक भरा. शाळेत आले तरी शेरेबुकात चार ओळी लिहून निघावं लागतं. त्या माणसाला आपण पोस्टमन करून टाकलं आहे. ही पदं भरा, त्यांच्याकडचे तक्ते काढून घ्या, त्यांना वर्गात बसू द्या आणि काही वर्षांनी पुन्हा शिकवायला पाठवा. मूल्यमापनाचं नवं पोर्टल त्यानंतर काढा, किंवा काढूच नका.

आपलं मूल जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एक प्रश्न जरूर विचारा: यंदा आमच्या बाईंच्या वर्गात कुणी पूर्ण तास बसलं का, आणि तास संपल्यावर त्यांना काय सांगितलं?