मिंधेपणाचा हिशोब



गेल्या मे महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एक तरुण मला भेटायला आला होता. बोटीवर नोकरीला आहे. वर्षातले दोन-तीन महिनेच घरी असतो. बोलता बोलता त्याने मोबाइलवर एक हिशोब दाखवला. वर्षाचा घरखर्च जेवढा, त्याच्या पंचवीस पट रक्कम जमली की नोकरी सोडायची. विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ साली तिथल्या बाजाराचे जुने आकडे तपासून असे मांडले होते की, निवृत्त माणसाने पहिल्या वर्षी पुंजीतले चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली, तरी पुंजी तीस वर्षे पुरते. चार टक्के म्हणजे पंचविसावा भाग. पण तो हिशोब अमेरिकेचा आणि तीस वर्षांचा; आमच्या या तरुणाला चाळिशीतच घरी बसायचे आहे, आणि तेही मालवणात! एवढे मी त्याला सांगितले. त्याचे पुढचे वाक्य मात्र माझ्या मनात घर करून राहिले. तो म्हणाला, "फादर, माका कोणाचो मिंधो होवन रवाचा नाय."

आम्ही धर्मगुरू पैशाचा विषय निघाला की लगेच लोभाविरुद्ध बोलू लागतो. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस शिकलो. त्यांनी संपत्तीचे दोन प्रकार सांगितले. अन्न, वस्त्र, निवारा ही नैसर्गिक संपत्ती. तिची भूक कुठेतरी भागते, कारण पोटाला मर्यादा आहे. पैसा ही माणसाने देवघेवीसाठी काढलेली संपत्ती. तिची भूक भागेलच असे नाही. विचार खरा आहे. पण तो परीक्षेत लिहिणे सोपे आणि घरोघरी जाऊन सांगणे कठीण, हे मला धर्मग्रामात आल्यावर कळले.

आपल्याच बचत गटातील एक भगिनी आमसुले आणि कुळथाची पिठी विकते. मुलीची कॉलेजची फी भरण्यासाठी तिने पहिल्यांदा स्वतःच्या पासबुकातून पैसे काढले, तेव्हा ती मला मुद्दाम सांगायला आली. रक्कम मोठी नव्हती. पण त्या दिवशी तिला कोणापुढे हात पसरावा लागला नाही, कोणाची दारूची वेळ सांभाळून बोलावे लागले नाही. तिला मी लोभावर प्रवचन द्यायचे काय? पैशाने तिला 'नाही' म्हणण्याची ताकद दिली. ही ताकद ज्याच्याजवळ नाही, त्याच्या 'हो'लाही फारसा अर्थ नसतो. त्या तरुणाच्या वाक्यातली खरी गोष्ट ती हीच.

तरीही 'कोणाचाच नाही' हे मला पटले नाही. आपल्या जिल्ह्याचा इतिहास वेगळे सांगतो.

कोकण मनीऑर्डरवर जगते, असे म्हणत. मुंबईच्या गिरणीतला माणूस महिन्याच्या पगारातून गावी पैसे पाठवी आणि पोस्टमनची वाट पाहिली जाई. कोण कोणावर अवलंबून, याबद्दल कोणाला शंका नव्हती: पाठवणारा कर्ता, घेणारे आश्रित. मग १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नऊ महिन्यांचाही नव्हता. तो १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. पगार थांबला, मनीऑर्डर थांबली, आणि कितीतरी कामगार बायकामुलांसह गावी परतले. ज्या घराला आपण पोसतो असे त्यांना वाटत होते, त्याच घराच्या भाताने आणि पेजेने त्यांना सांभाळले. मी तेव्हा लहान होतो, मला काही आठवत नाही. पण वडीलधाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकले आहे की, ती पेज मीच प्यायलो असे वाटते. वर्षानुवर्षे शेत कसणारी बाई 'आश्रित' कशी, हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता.

संत पौल तंबू शिवणारा कारागीर होता. करिंथमध्ये तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर काम करून राहिला आणि करिंथकरांकडून त्याने पैसे घेतले नाहीत. हक्क असूनही घेतले नाहीत, कारण आपल्या बोलण्यावर कोणाची मालकी येऊ नये. हाच पौल फिलिप्पैकरांची मदत मात्र मोकळ्या मनाने घेतो. तुरुंगातून त्यांना लिहिताना तो स्वतःसाठी 'स्वयंपूर्ण' या अर्थाचा एक ग्रीक शब्द वापरतो. स्टोइक तत्त्वज्ञांचा हा लाडका शब्द: ज्याला बाहेरचे काहीच लागत नाही, असा माणूस. गंमत अशी की, ज्या पत्रात पौल हा शब्द वापरतो, त्यातच तो एपफ्रदीताच्या हाती पोहोचलेल्या देणगीची पोच देतो. म्हणजे स्वयंपूर्ण माणूस घेतोही. फक्त कोणाकडून घ्यायचे आणि कोणाकडून नाही, हे तो ठरवू शकतो.

इथे मला माझ्याबद्दल बोलले पाहिजे, नाहीतर हे लिहिणे खोटे ठरेल. मी तुमच्या दानावर जगतो. पूर्वी एका ठिकाणी असताना चर्चच्या छपरासाठी मोठी देणगी देणारे एक गृहस्थ आपल्या कामगारांची मजुरी थकवीत. मला ते ठाऊक होते. त्या रविवारी मजुरीबद्दल बोलायचे योजले होते. मी बोललो नाही; क्षमेवर बोललो. पावसाळ्यात छप्पर गळले नाही, पण त्याखाली उभे राहताना मला आजही अवघडल्यासारखे होईल. मिंधेपण म्हणतात ते हे. आणि ते माझ्या खिशात पैसे नव्हते म्हणून आले नव्हते. मला छपराचे कौतुक हवे होते म्हणून आले होते.

निघताना मी त्या तरुणाला विचारले, "पंचवीस पट जमल्यावर पहिल्यांदा 'नाही' कोणाला म्हणशील?"

"कप्तानाक!" तो हसत म्हणाला.

"आणि 'हो' कोणाला?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन करायचे आहे, पण त्यासाठी लागणारी सुट्टी यंदा तो घेणार नव्हता. त्या पगाराने हिशोब एक वर्ष मागे जात होता.

जूनमध्ये तो बोटीवर गेला. जायच्या आधी त्याने आईसाठी तारीख घेतली आहे, डिसेंबरची. सुट्टी मिळते का पाहतो, म्हणाला.