पान्हा आणि पंजीरी

उशीला पाठ टेकव. खांदे सैल सोड. बाळ अंगावर पितंय, तोवर दुसरं काही करायचं नाही.

चंदीगडची थंडी. खिडकीबाहेर धुक्यात समोरचा पार्कही दिसत नाही. हाताशी दोन डबे आहेत. एकात आईने पुण्याहून आणलेले डिंकाचे लाडू, दुसऱ्यात शेजारच्या आंटीजींची पंजीरी. झाकण उघड, नुसता वास घे. तुपात भाजलेली कणीक, सुंठ, मखाणे, बदाम आणि कमरकस, म्हणजे आपल्या पळसाचा डिंक.

एक घास घे. सावकाश चाव. ‘याने दूध वाढेल का?’ हा प्रश्न येईल, येऊ दे. दूध वाढतं ते मुख्यतः बाळाच्या ओढण्याने. बाळ चोखतं तसं तुझ्या शरीरात प्रोलॅक्टिन वाढतं, दूध तयार होतं. ऑक्सिटोसिन सुटतं, पान्हा फुटतो. जेवढं पिऊन संपेल तेवढं पुन्हा भरतं.

मग हा घास कुणासाठी? तुझ्यासाठी. अन्न कमी पडलं, तर दुधासाठी शरीर तुझ्याच साठ्याला हात घालतं. पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. बाळ बाळसं धरतं, आई खंगते. आणि घरात कौतुक होतं ते बाळशाचं.

त्या बाळशावर जरा थांब. आईच्या अंगात बी-१२ कमी असेल, तर दुधातही ते कमी उतरतं. उत्तर भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना अशी बाळं ठाऊक आहेत: अंगाने गुटगुटीत, पण फिकट, सुस्त, हसणं विसरलेली, काहींचे हातपाय थरथरतात. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. तू शाकाहारी असशील तर बी-१२ मिळायची मुख्य वाट म्हणजे दूध, दही, पनीर. दही थंड म्हणून आई वाटी उचलून नेईल. नेऊ देऊ नकोस.

पुन्हा श्वास घे. बाळाची गिळतानाची हालचाल बघ. पहिल्या दिवसांत त्याचं वजन थोडं उतरलं होतं, तेव्हा घाबरली होतीस ना? तसं ते उतरतंच, आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं.

ड जीवनसत्त्व मात्र आईच्या दुधात एरवीही तुटपुंजंच असतं, त्यात इथल्या या धुक्यात ऊनही मिळत नाही. त्यासाठी बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब देतात. लसीला जाशील तेव्हा या थेंबांबद्दल विचार, आणि तुझं बी-१२ तपासायचं का, तेही.

बाळाने तोंड बाजूला घेतलं. खांद्यावर घे, ढेकर काढ, मग दुसऱ्या बाजूला लाव.