पाय थांबत नाहीत, म्हणून नजर पुढे



गेल्या गुरुवारी बडोद्याच्या सत्संगात झालेलं निरूपण जमेल तसं उतरवून पाठवत आहोत.

एका ताईंनी विचारलं, "महाराज, चार महिने सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. रात्री तीनदा उठावं लागतं. जप पार बंद पडलाय. हे एकदा आटोपलं की पुन्हा सुरू करू का?" एवढं बोलून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आटोपलं म्हणजे काय, ते माझं मलाच कळलं आणि लाज वाटली."

महाराज थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग मागे बसलेल्या कॉलेजच्या मुलाकडे बघून म्हणाले, "याची सायकल बाहेर उभी आहे, पाहिलीत?

आपल्या साध्या सायकलीला मागे फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक टिकटिक करत पळतं. खड्डा आला की पायडल आडवी धरायची आणि निघून जायचं. याची सायकल फिक्स्ड गिअरची. मागची दात्यांची चकती चाकालाच घट्ट बसवलेली. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. वेगात असताना एकदम पाय रोखलेत, तर पायडलच तुम्हाला उचलून टाकील. पहिल्याच आठवड्यात हा दांडिया बाजारातून मांडवीला निघाला. सुरसागरपाशी खड्डा दिसला, सवयीने पाय थांबवायला गेला आणि आपटला. नडगी सोलून निघाली. मला म्हणाला, विकून टाकू का? मी म्हटलं, आधी शिक."

महाराजांनी त्यालाच पुढे बोलावलं. तो म्हणाला, "मैदानावर रिकाम्या बाटल्या मांडून रोज सकाळी सराव केला. खड्डा आला की पाय फिरत ठेवायचे, सीटवरून जरासं उठायचं, गुडघे आणि कोपरं सैल. स्पीडब्रेकर लांबूनच हेरायचा आणि आधीच वर येणाऱ्या पायडलवर हलका दाब देऊन वेग कमी करायचा. म्हणजे चढताना पायडल आडवी येतील असं जमवता येतं, खालचं पायडल घासत नाही. वळणावर सायकल फार कलवायची नाही, आतलं पायडल रस्त्याला लागतं. आणि खड्ड्याकडे टक लावून बघायचं नाही. बघितलं की चाक तिकडेच जातं. शेजारून जी वाट आहे, तिकडे बघायचं."

"आणि ब्रेक?" महाराजांनी विचारलं.

"पुढचा लावून घेतला, महाराज. तुम्ही दटावलंत म्हणून."

महाराज हसले. "शर्यतीच्या ट्रॅकवर अशा सायकलींना ब्रेक नसतो, कारण तिथे सगळे एकाच दिशेने जातात. आपला हा सत्संगाचा हॉल म्हणजे तसा ट्रॅक. इथे नाम सोपं. बाहेर पडलं की गाय आहे, रिक्षा आहे, अचानक उघडणारं गाडीचं दार आहे.

ताई, तुमचं घर सध्या बिनफ्रीव्हीलचं आहे. रात्रीचं उठणं थांबवता येत नाही. मग थांबायची वाट कशाला बघता? उठणं हेच पायडल. उशी सरकवताना एक नाम, पाणी पाजताना एक नाम. माळ राहू द्या कोनाड्यात, ती रुसत नाही. 'कधी आटोपेल' हा विचार येतो, येऊ दे. तो वाटेतला खड्डा आहे, तुमचं पाप नाही. फक्त त्याच्याकडे टक लावून बसू नका. नजर सासूबाईंच्या तोंडाकडे ठेवा, वाट तिथूनच आहे. आणि एक ब्रेक लावून घ्या. आठवड्यातली एक रात्र नणंदेला बोलवा, नाहीतर मुलाला उठवा. मदत मागितल्याने सेवा कमी होत नाही."

ताईंनी नमस्कार केला. त्या रात्री घरी फोन करून त्यांनी नणंदेला शनिवारी बोलावलं, हे त्यांच्याच परवानगीने कळवत आहोत.

या आठवड्याचा नियम: जे काम टाळता येत नाही असं एकच निवडा आणि ते करताना नाम घ्या. संख्या मोजू नका.

आणि सायकलवाल्या मुलांनो, हेल्मेट घाला, ब्रेक काढू नका. ही महाराजांचीच आज्ञा आहे.

॥ जय गुरुदेव ॥