आधी भाकर, मग प्रश्न

(शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय ३०, वचने १ ते २५)



दाविदाच्या चरित्रातील जो प्रसंग आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे, तो शब्बाथशाळेत सहसा शिकविला जात नाही. गल्याथाची गोष्ट आपल्या लहान लेकरांसही पाठ असते. परंतु सिकलागच्या वाटेवर, शेतात मरावयास टाकलेला एक आजारी तरुण मोठ्यांच्याही स्मरणात नसतो. यास्तव हा अध्याय प्रथम घरी वाचून पाहावा अशी विनंती आहे.

दावीद आणि त्याचे सहाशे लोक सिकलागास परत आले, तो नगर जळून राख झालेले. बायका, मुलगे, मुली, सर्वांस अमालेकी लोकांनी धरून नेले होते. रडून रडून त्या माणसांच्या अंगी बळ उरले नाही, आणि दाविदालाच दगडमार करावा अशी भाषा निघू लागली. दाविदाने देवास विचारले, आज्ञा मिळाली, आणि ते लुटारूंच्या पाठीवर निघाले. एकेक घटका मोलाची होती. अशा घाईत त्यांस शेतात एक मिसरी तरुण पडलेला आढळला. त्यांनी त्यास दाविदाकडे आणले, भाकर दिली, पाणी पाजले, अंजिरांच्या ढेपेचा एक तुकडा व मनुकांचे दोन घड दिले. तीन दिवस आणि तीन रात्री त्याच्या पोटात अन्नपाणी गेले नव्हते. तो जेवला, त्याच्या जिवात जीव आला, आणि त्यानंतर दाविदाने त्यास विचारले की, तू कोणाचा आणि कोठला?

हा क्रम ध्यानात घ्यावा. आपण बहुधा उलट करतो. दारी आलेल्यास प्रथम गाव, आडनाव, जात, बाप कोण, येथे कसा आलास, हे सर्व विचारून घेतो, आणि उत्तरे मनास पटली तरच आतून ताट येते.

पुढे त्या तरुणाने जे सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. मी एका अमालेक्याचा दास, मी आजारी पडलो म्हणून धन्याने मला टाकून दिले. आणि सिकलाग जाळले ते आम्हीच. त्याने ‘त्यांनी’ असे म्हटले नाही, ‘आम्ही’ असेच म्हटले. ज्याच्या तोंडात दाविदाच्या माणसांनी आपल्या शिदोरीतील भाकर घातली, तो त्यांची घरे जाळणाऱ्या टोळीतला होता. हे कळल्यावर कोणी तलवार उपसली असे शास्त्रात लिहिलेले नाही. दाविदाने इतकेच विचारले की, त्या टोळीकडे तू आम्हांस नेशील काय? तेव्हा तो म्हणाला, तू मला ठार मारणार नाहीस आणि माझ्या धन्याच्या हाती देणार नाहीस अशी देवाची शपथ वाहा, मग नेतो.

आता हे शेत सोडून माझ्यासंगे मुंबईच्या फलाटावर या. ती वाट फार दूरची नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या गावाकडची गाडी मनमाडावरून तिकडेच जाते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, कुर्ला, कल्याण या स्थानकांवर लांबच्या गाड्यांतून वारंवार असे एखादे पोर उतरते की, ज्याच्या हाती पिशवी नाही आणि ज्यास घ्यावयास कोणी आलेले नाही. कोणी बापाच्या दारूला व माराला भिऊन निघालेले असते, कोणी परीक्षेत नापास झाल्यावर घरी तोंड दाखवावयास लाजलेले असते, कोणास सावत्रपणाचा जाच असतो, तर कोणाचे आईबाप ऊसतोडीस गेलेले असतात आणि घरात दिवसचे दिवस चूल पेटलेली नसते. काही नुसते सिनेमातील मुंबई पाहावयास येतात. त्यांस पहिल्या एकदोन दिवसांत कोण भेटतो, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते; कारण अशा पोरांच्या वाटेवर बसून राहिलेले दुष्ट लोकही तेथे असतात, व त्यांची नजर आपल्या नजरेपेक्षा तीक्ष्ण असते.

मग ते पोर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वेचू लागते, गाडीचे डबे झाडून पैसा मागते, उड्डाणपुलाखाली निजते. मिळविलेला पैसा त्याच दिवशी खर्च करते, कारण रात्री निजल्यावर तो थोरला कोणी काढून घेईल हे त्यास ठाऊक असते. काही दिवसांनी कोणी त्यास पंक्चर काढण्याचे सोल्यूशन किंवा शाई पुसण्याचे व्हाइटनर रुमालावर घेऊन हुंगावयास शिकवितो. त्याने भूक मरते, थंडी वाजत नाही, भय वाटत नाही. ही रस्त्यावरची अंजिरे आणि मनुका होत, आणि ती देणारे हात दाविदाचे नव्हेत.

अशा मुलांसाठी जे सेवक रस्त्यावर जाऊन काम करतात, त्यांची रीत पाहिली तर वरील शास्त्रपाठच चालताना दिसतो. ते कचेरीत बसून मुलांची वाट पाहत नाहीत. ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खांबापाशी, आठवड्यामागून आठवडे जाऊन बसतात. चहावाला, हमाल, झाडूवाली, यांच्याशी ओळख ठेवतात, कारण नवे पोर प्रथम त्यांच्या दृष्टीस पडते. जवळ मलमपट्टीची पेटी असते. रस्त्यावरच्या मुलाच्या अंगावर एखादी जखम बहुधा असतेच, आणि जखम धुऊन बांधताना जे बोलणे होते ते दुसऱ्या कशाने होत नाही. हाती नाणे देत नाहीत, कारण ते नाणे सोल्यूशनवाल्याकडे किंवा थोरल्या दांडगटाकडे जाते. नाव विचारले तर मूल खोटे नाव सांगते, गाव तर हटकून खोटे सांगते. जाणता सेवक त्या खोट्या नावानेच त्यास हाक मारतो. पुढे कधी तरी, पाचव्या भेटीस किंवा पंधराव्या, खरे नाव आपण होऊन बाहेर येते.

येथे आपल्या उपदेशक बंधूंपैकी कोणी विचारील की, यात शुभवर्तमान कोठे आले? हस्तपत्रक केव्हा द्यावयाचे? प्रश्न योग्य आहे, व त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. दाविदाने त्या मिसरी तरुणास भाकर देताना, तू कोणत्या देवास भजतोस असे विचारले नाही. भुकेल्या पोरास प्रार्थना म्हणावयास लावून मग वाढणे म्हणजे गळाला आमिष लावणे होय. आणि प्रभूने पेत्रास माणसे धरणारा केले ते अशा गळाने धरण्यासाठी नव्हे. तू येथे का येतोस, असे ज्या दिवशी ते मूल आपण होऊन विचारील, त्या दिवशी सेवकाने प्रभूचे नाव लपवू नये. तोवर त्याने वेळेवर येत राहावे.

आणखी एक गोष्ट आहे. आपली दया लहान मुलांपर्यंत पोचते आणि मिसरूड फुटले की थांबते. आठ वर्षांचे पोर पाहून डोळ्यांस पाणी येते. सतरा वर्षांचा, नशेने डोळे तांबारलेला, खिसे कापणारा तरुण पाहून आपण पदर व पिशवी सावरतो. परंतु शेतात पडलेला तो मिसरी लेकरू नव्हता, तरुण होता, आणि घरे जाळून आला होता. कायद्यालाही हे थोडेबहुत उमगले आहे : बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांस एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देता यावा म्हणून अनुरक्षणगृहांची तरतूद आहे. जे कधी बालगृहात गेलेच नाहीत त्यांस मात्र खांबापाशी बसणाऱ्या त्या सेवकावाचून दुसरे कोणी नसते.

आता त्या शपथेकडे वळू, कारण सर्वांत कठीण भाग तोच आहे. त्या तरुणाचे भय असे होते की, ज्याने मला टाकले त्याच्याच हाती तुम्ही मला द्याल. रस्त्यावरच्या मुलाचेही पहिले मागणे बहुधा हेच असते : घरी कळवू नका. येथे भोळ्या दयेने फार घोटाळे केले आहेत. डॉ. थॉमस बर्नार्डो यांचे नाव आपल्या जुन्या सेवकांस परिचित आहे. चीन देशात मिशनरी म्हणून जाण्याच्या इराद्याने हा तरुण १८६६ साली लंडनास वैद्यकी शिकावयास आला, आणि तेथील एका अनाथ मुलाने त्यास रात्री छपरांवर निजणारी मुले दाखविली. चीन राहिले; १८७० साली त्याने स्टेप्नी येथे मुलांचे वसतिगृह उघडले. तेथे जागा नाही म्हणून परत पाठविलेला एक अकरा वर्षांचा मुलगा पुढे मेलेला सापडला, तेव्हापासून कोणाही निराश्रित मुलास परत लावावयाचे नाही असा त्याने नियम केला. ही गोष्ट आपण आदराने सांगतो, व सांगावी. परंतु याच सत्पुरुषाने व त्याच्या संस्थेने हजारो मुले समुद्रापार कॅनडात पाठविली. कित्येकांच्या आईबापांस विचारले नाही, आणि तसे केल्याचे त्याने स्वतःच मान्य केले होते. पुष्कळ मुलांस तेथे शेतावर मजुरासारखे राबविले गेले. इतर संस्थांनीही हेच केले, पुढे ऑस्ट्रेलियातही मुले धाडली, आणि अखेर २०१० साली ब्रिटनच्या पंतप्रधानांस पार्लमेंटात याबद्दल क्षमा मागावी लागली. भाकर दिली होती. पण तू कोणाचा व कोठला हा प्रश्न मुलास मनापासून विचारला नाही, आणि त्याचे उत्तर मानले नाही.

आपल्या देशात आता याविषयी नियम आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे, अठरा वर्षांखालील निराधार मूल सापडल्यास त्यास प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. ती समिती घरची चौकशी करविते, मुलाचे म्हणणे ऐकते, आणि मग ते घरी जावे की अन्यत्र राहावे हे ठरविते. म्हणून सेवकाने मुलास खोटे वचन देऊ नये. ‘कोणासही कळवणार नाही’ असे म्हणणे त्याच्या हाती नाही. ‘तुझे म्हणणे ऐकल्यावाचून तुला मारणाऱ्याच्या हाती देऊ देणार नाही, आणि समितीपुढे मी तुझ्याजवळ उभा राहीन,’ इतके तो म्हणू शकतो, आणि म्हटले तर त्याने पाळलेच पाहिजे.

मुंबई व आसपासच्या स्थानकांवर काम करणारी समतोल नावाची संस्था आहे. ती फलाटावरच्या मुलांस काही आठवडे शिबिरात ठेवून मग घरी पोचविते, आणि त्या शिबिरास ती मनपरिवर्तन शिबिर म्हणते. हा शब्द वाचून आपल्या कानांस योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. मुलाचे मन तेथे वळत असेल. पण ज्या घरी ते परत येते तेथील मनाचे काय? बाप दारू सोडत नाही, शेजारी ‘मुंबईचा चोर आला’ म्हणून दार लोटून घेतात, उपासनेत त्याच्या चटईवर दुसरे कोणी बसत नाही, असे झाले की पुढच्या महिन्यात ते पोर पुन्हा गाडीत बसलेले असते. मग आपण म्हणतो, रक्तातच खोट.

दाविदाच्या सहाशेंपैकी दोनशे माणसे थकून बसोर ओढ्यापाशी राहिली होती. लढाईनंतर काही जण म्हणाले की, हे आले नाहीत, यांस वाटा नको. दाविदाने ते मानले नाही. जो लढावयास गेला त्याच्याइतकाच वाटा सामानापाशी राहिलेल्यास मिळावा असा त्याने ठराव केला. बंधूंनो, आपण मुंबईस जाऊ शकत नाही. आपण ओढ्याच्या अलीकडचे लोक आहोत, आणि ज्या घरातून ते मूल निघाले ते घरच आपल्या राखणीचे सामान आहे.

१०९८ हा क्रमांक प्रत्येक मंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी तो सुरू केला, २०२३ पासून तो शासन चालविते, आणि रात्री-अपरात्री कोणत्याही फोनवरून तो फुकट लागतो. मूल गावातून नाहीसे झाले तर अब्रूपायी दोनचार दिवस गप्प राहू नये. त्याच दिवशी पोलिसांत वर्दी द्यावी. बापास बोलावयाचे असेल तर पंचांनी चावडीवर बोलू नये, पाळकाने एकट्याने त्याच्या घरी जावे. ऊसतोडीचा हंगाम लागला की जी मुले आजीपाशी मागे राहतात त्यांची नावे उपदेशकाने वहीत उतरून घ्यावी, आणि बायबलबाईने आठवड्यातून दोनदा तरी त्या घरी सांजवेळी डोकवावे, हातात टोपलीभर भाकरी घेऊन.