बहार कुठला?

सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या बागेत राहणारा एक मुलगा होता. चुलत्याचा मांडव आणि साउंडचा धंदा, त्यामुळं स्पीकरचे डबे, ॲम्प्लिफायर, वायरींची भेंडोळी यांतच तो वाढलेला. दिवाळीत मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा भरते. तिथं त्यानं आपल्या गावच्या गजी मंडळाचा ढोल मोबाईलवर टिपून आणला. त्याला खालून बेस द्यायचा, वर सनई ठेवायची आणि चुलत्याच्या डब्यांवर वाजवायचं, एवढीच त्याची हौस.

चुलत्याच्या जुन्या लॅपटॉपवर त्यानं एफएल स्टुडिओ टाकलं, पैसे न भरता वापरून बघायचं. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीनं हे सॉफ्टवेअर 1997 साली काढलं तेव्हा त्याचं नाव फ्रूटीलूप्स होतं आणि काम ठेका बसवण्यापुरतं. ओळीनं मांडलेले चौकोन, हवे ते पेटवायचे, ठेका सुरू. आता त्यात चॅनल रॅक, पियानो रोल, प्लेलिस्ट, मिक्सर अशा खिडक्या उघडतात आणि प्रत्येकीत शेकडो बटणं. ती बघून पोरगं गांगरलं आणि व्हिडिओ शोधायला लागलं.

व्हिडिओंना तोटा नव्हता. एक गुरुजी हिंदीत बोलायचे, पण त्यांच्या पडद्यावरचं सॉफ्टवेअर चार पिढ्या जुनं, बटणं भलत्याच जागी. दुसरा इंग्रजीत भराभर बोलून शेवटी स्वतःच्या आवाजांचा संच विकत घ्या म्हणायचा. तिसरा दहा मिनिटांत सगळं शिकवणार होता. (दहा मिनिटांत सगळं शिकवतो म्हणणाऱ्याला बहुधा बघणारे वाढवायचे असतात.) कुणीतरी सांगितलं, हे सोड, रीपर घे, साठ दिवस फुकट वापरता येतं आणि त्याचं शेकडो पानांचं पुस्तकही फुकट मिळतं. त्यानं तेही उतरवून ठेवलं. जतन केलेल्या व्हिडिओंची यादी लांबत गेली आणि हुलजंतीचा ढोल होता तिथंच राहिला.

जून लागायच्या आधीची गोष्ट. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. आत्या मोटर चालू करायला उठली तर हा ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेला.

"काय रं, रोज रात्री काय बघतोस?"

"शिकतोय आत्या. गाणं कसं बनवायचं ते."

"मग बनलं का एखादं?"

तो गप्प. आत्या शेजारी बसली. बाग तीच बघायची, छाटणीपासून व्यापाऱ्याशी भांडण्यापर्यंत.

"मागं व्हॉट्सॲपवर फवारणीचं वेळापत्रक आलं होतं, आठवतं? देणारा शहाणा होता, खोटं काही नव्हतं त्यात. पण त्याची बाग आंबे बहाराची. त्याच्याकडं मे महिन्यात फळं लागलेली, आपण मृग बहार धरलेला, आपल्या झाडांना अजून ताण चाललेला. त्याचं औषध आपल्या झाडावर मारून काय करायचं? आधी आपला बहार कुठला ते आपल्याला सांगता यायला पाहिजे. मग विचारायचं कुणाला ते बघायचं. तुझं नेमकं अडलंय कुठं?"

असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. ढोल आणि बेस एकदम वाजले की नुसतं घुमतं. ढोल चौकोनांत बसत नाही, पुढंपुढं पळतो. आणि काल केलेलं काम आज उघडत नाही.

"लिहून काढ," आत्या म्हणाली. फवारणीच्या वहीच्या मागच्या पानावर त्यानं तिन्ही लिहिल्या. मग सगळी यादी पुन्हा काढून बसला. या तिन्हींतल्या एकाशीही ज्याचा संबंध नाही तो व्हिडिओ, कितीही चांगला असला तरी, पुसला.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कंपनीनंच लिहून ठेवलेलं निघालं. पैसे भरेपर्यंत जतन केलेलं काम परत उघडत नाही, तयार आवाज मात्र बाहेर काढता येतो. शिकवणाऱ्यांनी ते सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्याकडं पैसे भरलेलं सॉफ्टवेअर, त्यांना ही अडचण येणार कशी?

पहिल्यासाठी त्याला आधी शब्द पाहिजे होता. घुमण्याला काय म्हणतात हेच माहीत नसेल तर शोधणार काय? तेव्हा त्याला दिसलं की माऊस ज्या बटणावर जाईल त्याचं नाव वर डाव्या कोपऱ्यातल्या पट्टीत उमटतं, आणि एफ-वन दाबलं की त्याची माहिती उघडते. इंग्रजी अवघड होतं, पण नावं हाती आली. इक्वलायझर हे नाव धरून त्यानं सात-आठ जण तपासले. बहुतेक जण आकडे सांगत होते, अमुक इतकं खाली करा. ते आकडे त्यांच्या गाण्याचे. एकानं मात्र दाखवलं की ढोलाचा खर्ज आणि बेस एकाच जागेसाठी भांडतात, मग एकाला तिथं थोडं कापलं, आधीचं आणि नंतरचं दोन्ही वाजवून ऐकवलं. पोरानं व्हिडिओ बंद केला आणि स्वतःच्या ढोलावर करून पाहिलं. दोनदा फसलं, मग जमलं. तेवढ्या एकाचं नाव त्यानं वहीत लिहून ठेवलं.

दुसरा प्रश्न कुणालाच सुटेना. सगळे गुरुजी एक वेग धरून शेवटपर्यंत जाणारे, बहुतेक तर नवीन फाईल उघडल्यावर दिसतो त्या 130 वरच. एफ-वननं एवढं कळलं की वेग मधे बदलता येतो, आणि बटणावर ठेका धरून तो मोजताही येतो. पण या मंडळाचा ढोल कुठं उचलतो, किती उचलतो, हे बेल्जियमवाल्यांनी लिहिलेलं नव्हतं.

लॅपटॉप बंद केला तर काम जाणार, म्हणून तो चालूच ठेवून, मोटारसायकलवर मांडीत घेऊन तो ढोलवाल्या आबांकडं गेला. पुढं गाडी चालवणारा चुलता, सॉफ्टवेअरच्या लायसनचं मृगाची फळं विकल्यावर बघू, असं बजावत.

आबांनी ऐकलं. "ढोल माझाच हाय. चाल माझी न्हाई. तू सरळच निघालायस. आम्ही फेरी फिरली की उचलतो."

"किती उचलता, आबा?"

"किती म्हंजे? उचलतो."

पोरानं लॅपटॉप पुढं सरकवला आणि बटण दाखवलं. "हितं वाजवा."

आबांनी बोटानं ठेका धरला. पडद्यावरचा आकडा 92 वर आला, दुसऱ्या फेरीला 100 च्या पुढं गेला. पोरगं भराभर वहीत लिहीत होतं. तिसऱ्या फेरीला आबा थांबले.

"चुकलं. पुन्हा पहिल्यापास्नं घे."

"आबा, बॅटरी संपत आलीय."

"मग घरातनं वायर आण की!"