थैलीतील दोन वजने

वचन: अनुवाद २५:१३-१६, लूक ३:१२-१४



थैलीत लहानमोठी दोन वजने बाळगू नयेत, अशी ताकीद मोशेने इस्राएल लोकांस दिली. आमच्या बदनापूरच्या आसपास तूर व कापूस विकून घरे चालतात आणि कित्येक बंधू व्यापाऱ्यांकडे हमाली, मापाडीपणा किंवा कारकुनी करून पोट भरितात. म्हणून ही ताकीद आम्हांस परकी नाही. आज थैली जाऊन विजेचा काटा आला. काटा खरे वजन दाखवितो, पण पावतीवर कमी लिहिले जाते.

माती व ओलावा यांच्या नावाने क्विंटलमागे एखादा किलो कापितात, त्यास कडता म्हणतात. पंधरा क्विंटल तुरीवर पंधरा किलो गेले. भाव ७,००० रुपये धरिला, तर १,०५० रुपये झाले. बाजार समित्यांच्या १९६३ च्या राज्य कायद्याने नियमाबाहेरची अशी सूट मना केली आहे. परंतु कायदा दूर असतो आणि मालक शेजारी उभा असतो.

एका मापाडी बंधूने आम्हांस विचारिले, "पाळकसाहेब, मालक सांगतो तसे मी लिहितो. पैसा माझ्या खिशात येत नाही. मग पाप कोणाचे?"

बंधूंनो, पाप मालकाचे आहेच. पण लेखणी आपल्या हाती आहे. जकातदार व शिपाई योहानाकडे आले, तेव्हा त्याने त्यांस चाकरी सोडावयास सांगितले नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका व जुलूम करू नका, इतकेच सांगितले. म्हणून आम्ही म्हणालो, "मालकास नम्रपणे कळवा, आणि काट्यावर दिसेल तेच लिहा."

तो म्हणाला, "आणि चाकरी गेली तर?"

हा प्रश्न त्या एकट्याचा नव्हे, मंडळीचा आहे. खऱ्या वजनासाठी ज्याची चाकरी जाईल, त्याच्या घरची चूल विझू न देणे हे आमचे कर्तव्य आहे. ते करण्याची तयारी नसेल, तर त्यास उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस कोठून येणार?

विकणारांनीही आपणांस तपासावे. कापसावर पाणी शिंपडणे किंवा पोत्याच्या तळाशी हलका माल घालणे हेही दुसरे वजनच होय. जक्कयाने येशूस घरात घेतले, तेव्हा ठकवून घेतलेले चौपट परत देण्याचे कबूल केले. या आठवड्यात आपण कोणाचे किती देणे लागतो, हे प्रत्येकाने देवासमोर मोजावे, आणि येत्या बाजाराच्या दिवशी ते परत करावे.

आमेन.